तीस गावांचा विश्राम

रात्रीच्या वर्गात आम्ही फळ्यावर एक शब्द लिहिला. म आणि न. मन. दोनच अक्षरे. ना काना, ना मात्रा, ना वेलांटी. शिकायला सोपा शब्द. सगळ्यांनी तो पाटीवर काढला आणि मोठ्याने वाचला.

वर्ग सुटला. मंडळी घरी गेली. एक काकू मात्र पाटी हातात धरून दाराशी उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "गुरुजी, एक इचारू काय? मनाले बी ताप येते काय?"

आम्ही म्हणालो, "काकू, असं काऊन विचारता?"

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग हळूच बोलल्या. "आमच्या घरचे दोन महिन्यांपासून धड जेवत नाईत. रात्री तीन वाजताच उठून बसतात. वावरात जातात, पण धुऱ्यावरच बसून राह्यतात. बोललं त बोलत नाईत. रक्त तपासलं, फोटू काढला. डॉक्टर म्हणते, काईच नाई. मंग हे काय होय?"

आज आम्ही काकूंच्या या प्रश्नाचाच धडा लिहीत आहोत. कारण हा प्रश्न त्यांच्या एकट्याच्या घरचा नाही. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत असे गाव नसेल, जिथे कोणाच्या ना कोणाच्या घरी हा प्रश्न चुलीजवळ बसलेला नाही.

होय मंडळी, मनालाही दुखणे होते.

पाय मोडला तर सूज दिसते. ताप आला तर अंगाला हात लावून कळतो. मनाचे दुखणे असे दिसत नाही. मग लोक त्याला भलतीच नावे देतात. कोणी म्हणते, आळशी झाला. कोणी म्हणते, नाटक करते. कोणी म्हणते, बाहेरचं लागलं. आणि कोणी तर सरळ म्हणते, "याले आता नागपूरले न्या लागते." नागपूरला सरकारचे मनोरुग्णालय आहे. म्हणून आपल्याकडे नागपूर या चांगल्या शहराच्या नावाची शिवी झाली आहे. हे आम्हाला मुळीच आवडत नाही. मनाचे दुखणे झालेल्या बहुतेक माणसांना नागपूरला भरती व्हावे लागत नाही. ती घरी राहून, आपल्या माणसांत राहून बरी होतात.

काकूंच्या घरच्यांना जे झाले होते, त्याला डॉक्टर लोक नैराश्य म्हणतात. आपण वऱ्हाडात त्याला टेन्शन म्हणतो. शब्द इंग्रजी आहे, पण आता तो पारावरच्या म्हाताऱ्याच्याही तोंडात बसला आहे. बोलताना तोच वापरायला हरकत नाही. कोणाला "तुम्हाला नैराश्य आहे का" असे विचारले तर तो दचकेल. "टेन्शन आहे काय भाऊ" असे विचारले तर बोलेल.

आता कोणी म्हणेल, दुःख तर सगळ्यांनाच होते. खरे आहे. बैल मेला तर शेतकरी रडतो. घरात मयत झाली तर कोणाला घास गोड लागत नाही. हे दुखणे नव्हे. ही माया आहे. दिवस जातात, माणूस कामाला लागतो, हळूहळू सावरतो. पण कधी कधी तसे होत नाही. दोन आठवडे, तीन आठवडे, महिना जातो. रोजच, दिवसातला बहुतेक वेळ, मन काळे राहते. ज्यात आधी आनंद वाटे, त्यात वाटत नाही. नातू मांडीवर येऊन बसला तरी नको वाटते. झोप उडते, नाहीतर उठवतच नाही. भूक मरते. काही न करता थकवा येतो. साधा हिशेब लागत नाही. आपण कोणाच्या कामाचे नाही, आपलेच चुकले, असे सारखे वाटते. आणि शेवटी, आपण नसलो तर बरे, हा विचार येऊ लागतो. यातल्या बऱ्याच गोष्टी एकत्र आल्या आणि दोन आठवड्यांहून जास्त टिकल्या, तर ते दुखणे समजावे.

बायांचे दुखणे पुष्कळदा अंगावर निघते. डोके दुखते, कंबर दुखते, हातपाय गळतात, छातीत धडधड होते. बाई गोळ्या घेत राहते. गोळ्या डोकेदुखीच्या असतात. मनाचे कोणी विचारत नाही, आणि तीही सांगत नाही. बाळंतपणानंतरही काही बायांना हे दुखणे होते. घरात बाळ आले, सगळे खुशीत, आणि आईच रडते. तेव्हा तिला नाव ठेवू नये. तिला मदत लागते.

हे कशाने होते? एका कारणाने होत नाही. आपला मुलूख अवघड आहे, हे आधी मान्य करू. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. विहीर खणली तर पाणी लागते, पण खारे. पिता येत नाही. ओलिताला घातले तर जमीन बिघडते. बाकी वावरेही बहुतेक कोरडवाहू. पऱ्हाटी, सोयाबीन, तूर, सगळे पावसाच्या भरवशावर. पाऊस गेला तर पीक जाते. पीक आले तर भाव जातो. कर्ज मात्र कुठे जात नाही. अशा मुलखात मनावर ओझे असणारच.

पण नुसते कर्ज म्हणजे दुखणे नव्हे. दोन भाऊ असतात. वावर सारखे, कर्ज सारखे. एक सावरतो, दुसरा खचतो. असे का? कोणाच्या घराण्यातच हे दुखणे असते. कोणावर लहानपणी फार सोसण्याची पाळी आलेली असते. कोणाला दुसरा लांबचा आजार असतो. कोणी झोप यावी म्हणून दारू घेतो. दारूने पहिल्या दिवशी झोप येते. पुढे तीच दारू झोप खाते, पैसा खाते, आणि मन आणखी खाली नेते. म्हणून खचलेल्या माणसाला "कमजोर" म्हणू नये. मलेरिया झालेल्याला आपण कमजोर म्हणतो काय?

आता ३० गावांची गोष्ट सांगतो. ही गोष्ट आपल्याच अमरावती जिल्ह्यात घडली.

गोव्यात १९९६ साली संगाथ नावाची संस्था सुरू झाली. मनाचे आरोग्य हे तिचे काम. या संस्थेने टाटा ट्रस्टच्या मदतीने विदर्भात एक काम हाती घेतले. त्याचे नाव विश्राम. विदर्भ, ताण आणि आरोग्य अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांची अक्षरे जुळवून हे नाव केले होते. पण मराठी माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. दमलेल्याला विश्राम लागतो.

काम सुरू करताना अडचण एकच होती, आणि मोठी होती. डॉक्टर कुठून आणावे? आपल्या देशात एक लाख लोकांमागे मनाचा एक डॉक्टरसुद्धा पुरता येत नाही. आणि जे आहेत ते शहरात. वावरातला माणूस मजुरी बुडवून, एस.टी.चे भाडे खर्चून, दिवसभर रांगेत बसून यायचा कसा? आणि आला तरी "याला वेड्याच्या डॉक्टरकडे पाहिले" असे गावभर झाले तर?

म्हणून त्यांनी काम उलट्या बाजूने सुरू केले. डॉक्टरपासून नव्हे, गावापासून. गोव्यात त्यांनी हे आधी करून पाहिले होते. डॉक्टर नसलेली, पण नीट शिकवलेली साधी माणसे मनाच्या दुखण्यात मोठी मदत करू शकतात, हे तिथल्या सरकारी दवाखान्यांत दिसले होते. तेच इथे आणले.

तीन पायऱ्या केल्या. पहिल्या पायरीवर गावपातळीवरचे कार्यकर्ते. त्यांना शिकवण दिली. त्यांनी लोकांच्या लहान लहान बैठका घेतल्या. मोठी सभा नाही, लाऊडस्पीकर नाही. मोठ्या सभेत कोणी आपले दुखणे सांगत नाही. दहा माणसांत एखादा बोलतो. बैठकीत समजावून सांगायचे, की टेन्शन म्हणजे काय, ते दुखण्यापर्यंत कधी जाते, आणि त्यावर इलाज आहे. मग ज्यांना त्रास आहे त्यांना ओळखायचे, त्यांच्याजवळ बसायचे, त्यांचे ऐकून घ्यायचे. याला ते मनाचा प्रथमोपचार म्हणत. पाय कापला तर डॉक्टरकडे नेण्याआधी आपण फडके बांधतो ना, तसे.

तेवढ्याने ज्यांचे भागले नाही, त्यांच्यासाठी दुसरी पायरी. समुपदेशक. म्हणजे बोलून उपचार करणारा. तोही डॉक्टर नव्हे, पण त्याचे शिक्षण जास्त. तो पुन्हा पुन्हा भेटतो. माणूस कोणत्या विचारात अडकला आहे, दिवस कसा काढतो, हे त्याच्याबरोबर बसून पाहतो. आणि ज्यांचे दुखणे जड, त्यांच्यासाठी तिसरी पायरी, मनाचा डॉक्टर. तो ठरावीक दिवशी जवळच्या दवाखान्यात येई. म्हणजे डॉक्टरचा वेळ त्यालाच मिळाला, ज्याला त्याची खरी गरज.

कामाचा उपयोग झाला की नाही, हे मोजूनही पाहिले. आम्हाला ही गोष्ट फार पटली. नाहीतर पुष्कळ कामांत हार घालतात, फोटो काढतात, आणि मोजमाप कोणी करीत नाही. पहिली पाहणी २०१३ च्या शेवटी सुरू झाली. लोकांच्या घरी जाऊन विचारले, की कोणाला नैराश्य आहे, आणि त्यांनी कोणाची मदत घेतली. साधारण दीड वर्षाने, २०१५ मध्ये, पुन्हा तसेच विचारले.

आता पाटी घ्या. पाटीवर १०० हा आकडा लिहा. ही नैराश्याने त्रासलेली १०० माणसे समजा. पहिल्या पाहणीत त्यांतल्या किती जणांना मदत मिळाली होती? ४. फक्त ४. बाकीची ९६ माणसे मनातल्या मनात सोसत होती. दुसऱ्या पाहणीत किती? २७. म्हणजे सहापटीहून जास्त. आणखी एक गोष्ट. ही मदत गरीब आणि श्रीमंत, बाया आणि माणसे, शिकलेले आणि न शिकलेले, या जातीचे आणि त्या जातीचे, सगळ्यांना सारखी पोचली. गावात कोणतीही सोय आली की ती आधी वरच्या आळीत थांबते, हे आपण पाहतो. इथे तसे झाले नाही.

हा अहवाल २०१७ साली लॅन्सेट सायकायट्री नावाच्या परदेशी वैद्यकीय मासिकात छापून आला. जगभरच्या डॉक्टरांनी आपल्या ३० गावांची गोष्ट वाचली. आपल्याच जिल्ह्यात ती किती जणांना ठाऊक आहे, कोण जाणे. म्हणून तर इथे लिहिली.

आता पाटीवर १०० मधून २७ वजा करा. उरले ७३. एवढे चांगले काम होऊनही शंभरातली ७३ माणसे मदतीवाचून राहिली. हेही लपवून ठेवू नये. आणि प्रकल्प म्हटला की त्याला मुदत असते. पैसे देणारे ठरावीक वर्षे पैसे देतात. पण गावात एकदा कळलेली गोष्ट गावातच राहते. ती कोणी परत नेत नाही.

सरकारनेही या वाटेने काही पावले टाकली. २०१५ साली महाराष्ट्र सरकारने प्रेरणा प्रकल्प सुरू केला. विदर्भ आणि मराठवाडा मिळून १४ जिल्हे त्यात घेतले. अमरावती आणि अकोला त्यांत होते. आशाताईंनी घरोघर जाऊन शेतकरी कुटुंबांना मनाचे प्रश्न विचारायचे आणि त्रास दिसला तर दवाखान्याशी जोडून द्यायचे, अशी योजना होती. आशाताई लस देण्यासाठी आल्या की आपण दार उघडतो. त्या मनाचे विचारायला आल्या तर "आमच्या घरी तसं काई नाई" म्हणून दार लावू नका.

दूर आफ्रिकेतही असेच घडले. झिंबाब्वे देशात हरारे नावाचे शहर आहे. तिथे डॉ. डिक्सन चिबांडा या मनाच्या डॉक्टरांनी २००६ साली १४ आजीबाईंना शिकवून तयार केले. दवाखान्याच्या आवारात झाडाखाली एक लाकडी बाक ठेवला. ज्याचे मन दुखते त्याने येऊन बसायचे, आजी ऐकून घेते. त्या लोकांच्या भाषेत या दुखण्याला जो शब्द आहे, त्याचा अर्थ 'फार विचार करणे' असा होतो. आपल्याकडच्या बायाही हेच म्हणतात ना? "लय इचार येते वो बाई." माणूस इथून तिथून सारखाच. पुढे हे काम मोजून पाहिले, तेव्हा आजींकडे गेलेली माणसे खरोखरच जास्त बरी झालेली दिसली. आपल्या गावात आजी आहेत, झाडे आहेत, पारही आहेत.

कोणी विचारील, देवाधर्माचे काय? बुलढाणा जिल्ह्यात सैलानी बाबांचा दर्गा आहे. आपल्याकडून कितीतरी लोक मनाचे दुखणे झालेले माणूस तिथे नेतात. हिंदू नेतात, मुसलमान नेतात. आम्ही कोणाच्या श्रद्धेला हसणार नाही. दुःखात माणूस आधार शोधतो. पण आधाराबरोबर औषधही हवे. गुजरातेत उनावा गावी मीरा दातारचा दर्गा आहे. तिथेही अशीच माणसे येतात. तिथे डॉक्टर आणि दर्ग्यातले मुजावर यांनी मिळून काम केले. त्याचे नावच दवा आणि दुआ. मुजावर दुआ करतात आणि मग रोग्याला डॉक्टरकडे पाठवतात. दोघांचे भांडण नाही. मात्र रोग्याला साखळीने बांधणे, मारणे, धूर देणे, उपाशी ठेवणे, हे दुआ नव्हे. ते कोणी करू लागला तर आपल्या माणसाला घेऊन तिथून निघावे.

आपल्या अमरावतीत तपोवन आहे. डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी महारोग्यांसाठी ते उभारले. त्या काळी महारोग म्हणजे पाप, असे लोक मानत. घरचे माणूस घराबाहेर काढीत. आज त्या रोगावर गोळ्या आहेत आणि रोगी पूर्ण बरा होतो. मनाच्या दुखण्याकडे आज पुष्कळ लोक त्याच जुन्या नजरेने पाहतात.

आता मुख्य गोष्ट. आपल्या ओळखीचा माणूस खचलेला दिसला, तर काय बोलावे? बहुतेक जण असे बोलतात:

"अबे, तुले काय कमी हाये? घर हाये, दोन पोरं हायेत. लोकायकडे पाय जरा, काय काय सोसतात. मन खंबीर कर."

तो माणूस "हाव" म्हणतो आणि निघून जातो. घरी जाऊन त्याला वाटते, सगळे असून मला असे होते, म्हणजे मीच वाईट. बोलणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण ओझे वाढले. आता दुसरे बोलणे ऐका. हे दोघे बरोबरीचे दोस्त आहेत.

"काऊन गड्या, बरेच दिस झाले, पारावर नाई दिसला?"

"काई नाई. असंच."

"चाल, धुऱ्यावर बसू."

दोघे बसतात. बराच वेळ कोणी बोलत नाही.

"झोप लागते काय?"

"कायची झोप. तीन वाजता डोळे उघडतात. मंग पाहाट होईस्तोर नुसता इचार."

"किती दिस झाले असं?"

"पोळ्यापासून."

"अन् जेवण?"

"गोडच नाई लागत काई."

"एक सरळ इचारतो, राग नको मानू. जीव द्यावा असं मनात येते काय?"

पुन्हा बराच वेळ जातो.

"येते. कधी कधी."

"सांगितलं, लय बरं केलं. मी आज तुह्यासंगच राह्यतो. वयनीले सांगू. उद्या सकाळी दोघं मिळून दवाखान्यात जाऊ."

बघा, या दोस्ताने उपदेश केला नाही. तो जास्त बोललाच नाही. त्याने विचारले आणि तो थांबला. आपल्याला शांत बसणे जड जाते, लगेच काहीतरी सांगावेसे वाटते. तो मोह आवरावा.

आणि त्याने जीव देण्याचे सरळ विचारले. पुष्कळांना भीती वाटते, की असे विचारले तर नसलेला विचार डोक्यात येईल. तसे होत नाही. डॉक्टरांनी हे तपासून पाहिले आहे. उलट, कोणीतरी विचारले याने त्या माणसाला मोकळे वाटते. "हो" असे उत्तर आले तर ओरडू नये, शपथा घालू नयेत, "पोराबाळांचा इचार नाई काय" असे म्हणून लाजवू नये. त्याला एकटे सोडू नये. घरातल्या एका जाणत्या माणसाला सांगावे. "कोणाले सांगू नको" असे तो म्हणाला तरी हे एवढे गुपित ठेवू नये. आणि फवारणीचे औषध त्याच दिवशी घरातून हलवावे. ते शेजारी किंवा नातेवाइकाकडे कुलपात ठेवावे. फार वाईट विचाराची घडी पुष्कळदा थोड्या वेळाची असते. ती घडी टळली की माणूस वाचतो, आणि वाचलेले बहुतेक लोक पुढे जगतात. श्रीलंकेत सरकारने फार जहाल कीटकनाशकांवर बंदी घातली, तेव्हा तिथल्या आत्महत्या पुष्कळच कमी झाल्या. कर्ज तेच, शेती तीच, पण जीव वाचले.

एक टेलिफोन नंबर पाठ करून ठेवा. १४४१६. केंद्र सरकारची टेलिमानस नावाची सेवा आहे. ती १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. दिवसा किंवा रात्री केव्हाही फोन करता येतो. पैसे पडत नाहीत. मराठीत बोलता येते. दुखणे झालेल्याने करावा, किंवा त्याच्या घरच्यांनी करावा. अंगाला इजा झालीच असेल, तर मात्र फोनवर वेळ न घालवता १०८ ची गाडी बोलवावी आणि सरळ दवाखाना गाठावा.

अशा वेळी लोक पोलिसांना भितात. खटला होईल म्हणून दवाखान्यात खोटे सांगतात. त्याने इलाज चुकतो. २०१७ सालचा मानसिक आरोग्य सेवा कायदा काय म्हणतो ते ऐका. जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता, असेच धरून चालायचे. त्याला शिक्षा करायची नाही. त्याला उपचार आणि आधार देणे हे सरकारचे कर्तव्य आहे. म्हणून डॉक्टरला खरे सांगा.

इलाज कुठे मिळतो? आधी आशाताईंना किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारावे. मोठा दवाखाना म्हणजे अमरावतीला जिल्हा सामान्य रुग्णालय, ज्याला आपण इर्विन म्हणतो. अकोल्याला सर्वोपचार रुग्णालय. जाताना घरचे एक माणूस बरोबर असावे. डॉक्टर बोलून उपचार सांगतील, किंवा गोळ्याही देतील. या गोळ्या डोकेदुखीच्या गोळीसारख्या तासाभरात लागू पडत नाहीत. दोन ते चार आठवडे लागतात. पुष्कळ लोक आठ दिवस घेतात, "काई फरक नाई" म्हणतात आणि सोडून देतात. पऱ्हाटी पेरल्यावर आठ दिवसांत बोंड शोधतो काय आपण? बरे वाटू लागल्यावरही गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत. डॉक्टर साधारण सहा महिने तरी सांगतात. नैराश्याच्या या गोळ्यांची दारूसारखी चटक लागत नाही.

घरच्यांनीही एक काम करावे. रोग्याला एकदम मोठे काम सांगू नये, आणि नुसते पडूही देऊ नये. आज आंगणात बसू. उद्या ढोरांना पाणी दाखवू. परवा धुऱ्यापर्यंत जाऊन येऊ. समुपदेशकही हेच करायला लावतात. मन लागले की काम करीन, असे म्हणून या दुखण्यात चालत नाही. थोडे काम आधी, मन मागून येते.

आता त्या काकूंचे सांगतो. त्या रात्री आम्ही त्यांना हे सगळे सांगू शकलो नाही. आम्हाला तरी तेव्हा कुठे एवढे माहीत होते? आम्ही एवढेच म्हणालो, "काकू, हो, मनालेही ताप येते. त्याचेही डॉक्टर असतात." दुसऱ्या दिवशी आशाताईंना घेऊन त्यांच्या घरी गेलो. काका खाटेवर होते. आमच्याकडे पाहिलेही नाही. तीन वेळा गेलो, तेव्हा ते बोलले. चौथ्या वेळी त्यांचे धाकटे भाऊ त्यांना मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

गोळ्या चालू झाल्या. मधे एकदा त्यांनी त्या सोडल्या. पुन्हा चालू केल्या. कर्ज अजून आहेच. त्यासाठी भाऊ सोसायटीत जाऊन हप्त्याचे बोलून आला. काका आता पाहाटेपर्यंत झोपतात, असे काकू सांगतात. रोज नाही, पण झोपतात.

काकूंनी घरात, दाराच्या मागे, दुधाचा हिशेब लिहितात त्याच भिंतीवर खडूने १४४१६ लिहून ठेवले आहे. आकडे जरा वाकडे आहेत, पण वाचता येतात. शेजारच्या दोघीजणी येऊन तो नंबर आपापल्या पाटीवर उतरवून घेऊन गेल्या. कशाला हवा, ते त्यांनी सांगितले नाही आणि काकूंनी विचारले नाही.

गेल्या आठवड्यात काका पहिल्यांदा वर्गाला आले. मागे भिंतीला टेकून बसले. पाटी घेतली नाही. वर्ग सुटेपर्यंत बसून होते.